वाघाच्या वेळेवरचा नाश्ता

ताडोब्यातले वाघ वाढले तसे आमचे नातेवाईक वाढले. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून कोणी अभ्यास केलेला नाही, पण करायला हरकत नाही. मी लग्न होऊन चंद्रपुरात आले तेव्हाही ताडोबा होताच. १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान, तेही राज्यातलं सगळ्यांत जुनं. तरी पुण्या-मुंबईच्या माणसांच्या लेखी चंद्रपूर म्हणजे ऊन, कोळसा आणि नकोशी बदली. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेडकडचे, तेलंगणातले भाविक लेकराबाळांसकट येऊन झरपट नदीच्या काठावर उतरायचे, त्यांना ऊन लागत नसे. आमचे मात्र ‘येतो हो एकदा, जरा ऊन कमी होऊ द्या’ म्हणून पत्रिकेवर आहेर पाठवून मोकळे व्हायचे.

मग १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला, पुढे रस्ते झाले, मोहर्लीच्या गेटापाशी रिसॉर्टं उभी राहिली, आणि माया नावाच्या वाघिणीचे पिल्लांसकट फोटो देशभर फिरले. ऊन एकदम कमी झालं. आता हेच लोक नेमके मे महिन्यात येतात, कारण मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ हमखास बसलेला असतो. बाहेर ४७ अंश तापमान असतं आणि पुण्याचे नंदोई खाकी टोपी घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून, ‘वहिनी, ड्राय हीट आहे, त्रास होत नाही’ असं आम्हालाच समजावतात.

पाहुणा वाघासाठी आलाय, आपल्यासाठी नाही, हे एकदा पचवलं की पुढचं सोपं जातं. अवघड जातो तो नाश्ता. मोहर्लीचं गेट आमच्यापासून तीसेक किलोमीटर. उन्हाळ्यात गाड्या साडेपाचच्या सुमारास आत सुटतात, म्हणजे पाहुणे सव्वाचारला घराबाहेर. तेव्हा त्यांना भूक नसते, चहा पुरतो. परततात ते दहा-साडेदहानंतर, धुळीने भुवया पिवळ्या झालेल्या आणि भुकेने कावलेले. मधल्या काळात मुलगा थर्मल पॉवर स्टेशनच्या पहिल्या पाळीला निघतो, त्याला पाचलाच पोटभर लागतं. सासूबाई देवपूजा झाल्याशिवाय काही घेत नाहीत, आणि पूजा कधी आटपेल हे देवही सांगू शकत नाही. यांचं मॉर्निंग वॉक, ते आठला. शिवाय पाहुण्यांतला एखादा असा असतोच की ‘मी काही पहाटे उठणार नाही, तुम्ही जा, मला वाघ फोटोत दाखवा’. तो नऊला उठून स्वयंपाकघराच्या दारात केसांत हात घालून उभा. सहा-सात माणसांच्या घरात पाच वेळा नाश्ता. ओट्यापाशी मी सकाळी साडेचारला जी उभी राहते ती अकरालाच बाजूला होते.

यावर उपाय म्हणून गेल्या उन्हाळ्यात भाचीने पुण्याहून एक फळी आणली. चांगली जाड, हात-दीड हात लांब, एका टोकाला धरायला भोक, कडा-बिडा काही नाही. मी म्हटलं, पोळपाटाला पाय लावायचे राहिले वाटतं. तिने फोन काढून फोटो दाखवले. अशाच फळ्यांवर द्राक्षांचे घोस, चीजचे तुकडे, काजू, अंजीर, बिस्किटं, मधाची इवलीशी बरणी, सगळं एकमेकांना चिकटून, फळीचं लाकूड कुठे दिसता कामा नये असं रचलेलं. ‘मामी, सगळं एकदाच मांडून ठेवायचं. ज्याला जेव्हा हवं तेव्हा, जे हवं ते तो घेईल. तू उभी राहूच नकोस.’

शेवटचं वाक्य ऐकून मी फळीकडे जरा आदराने पाहिलं. लाकूड सागवान होतं. किंमत विचारली आणि आदर वाढला. बल्लारशाच्या डेपोत सागवानाचे लिलाव बघत आमची निम्मी हयात गेली. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान गेलं ते आमच्याच जिल्ह्यातून, वाजतगाजत, पूजा करून. आणि आमच्या घरात सागवानाचा एवढासा तुकडा यायचा तर तो पुण्याला जाऊन, पॉलिश करून, खोक्यात बसून आला. माहेरवाशीण म्हणून मी त्याला हळदकुंकू तेवढं लावायचं ठेवलं.

पहिल्या दिवशी तिने हौसेने सगळं फोटोतल्यासारखंच मांडलं. चंद्रपूरच्या मे महिन्याने ते कसं घेतलं ते सांगते. चीजला सातला घाम फुटला, आठला ते खचलं आणि नऊला शेजारच्या अक्रोडांना कवेत घेऊन झोपलं. म्हणून फळी कूलरसमोर नेली. कूलरच्या ओल्या वाऱ्यात बिस्किटं आणि चिवडा सादळला. चिवडा खाल्ला तर आवाज येईना. मग खिडकीशी ठेवली. आमच्या तुकूम भागातल्या घराच्या खिडकीतून थर्मलच्या चिमण्या दिसतात, २,९२० मेगावॉटचं ते केंद्र साऱ्या राज्याला वीज देतं आणि आम्हाला विजेबरोबर थोडी राखही. देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची २००९ साली यादी निघाली, त्यात चंद्रपूर चौथं आलं होतं. तेव्हापासून बरीच सुधारणा झाली म्हणतात, असेलही. पण उघड्यावर तीन तास ठेवलेल्या पांढऱ्या चीजवर बोट फिरवून पाहायची माझी तयारी नाही. आमच्याकडे दुधावर झाकण, लोणच्यावर फडकं आणि आंब्यांवर जाळी असते ती उगाच नव्हे. शेवटी फळीवर भाजीची मोठी जाळी पालथी घातली. भाची म्हणाली, ‘मामी, आता फोटोत काही दिसत नाही.’

सासूबाईंची अडचण आणखी मुळातली होती. त्या फळीपुढे बसल्या आणि बराच वेळ काहीच घेईनात. मग म्हणाल्या, ‘मीठ कुठी आहे?’ त्यांचं खरंच आहे. ताट म्हटलं की वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. डोळे मिटून हात नेला तरी चुकत नाही. एका हाताने वाढणारी आणि एका हाताने जेवणारा, दोघांमध्ये हा नकाशा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. फळीवर असं काही नाही. अंजिराशेजारी पनीर, पनीराशेजारी चॉकलेट. कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं हे तुमचं तुम्ही बघा. ज्याला आयुष्यभर कोणीतरी ‘घ्या न जी, अजून एक घ्या’ म्हणून वाढलं आहे, त्याला हे स्वातंत्र्य म्हणजे दुर्लक्षच वाटतं. नंदोईंनाही तसंच वाटलं असावं. फळीवरून त्यांनी चार काजू घेतले आणि मला एकीकडे बोलावून विचारलं, ‘वहिनी, नाश्ता कधी आहे?’

भाचीचा मुद्दा मात्र मी सोडून द्यायला तयार नव्हते, कारण पाच वेळांचं गणित काही बदललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, फळी राहू दे, वरचा माल बदलू. आणि तिला घेऊन गोल बाजारात गेले.

मे महिन्यात बाजाराच्या कडेकडेने बाया रानमेवा घेऊन बसतात. टोपलीत पळसाची पानं, त्यावर टेंभरं, पिवळीधम्मक, सालाच्या आत चिकट गोड गर आणि तपकिरी बिया. वाटीच्या मापाने चारं, जांभळी-काळी, वाटाण्याएवढी. त्यांच्याच बियांच्या आतली चारोळी पुढे श्रीखंडात जाते आणि चढ्या भावाने विकली जाते. सुकवलेली मोहफुलं, मनुक्यांची आठवण करून देणारी, पण वासाने ओळखू येतात. हा माल झाडावरून उतरवायची, गोळा करायची वेळ आमच्या पाहुण्यांच्या सफारीचीच. मोह पहाटे गळतो, तो ऊन चढायच्या आत वेचायचा. मे महिन्यात तेंदूपत्ता, तोही पहाटेच तोडायला निघायचं, घरी आणून ७० पानांचा एक पुडा असे पुडे बांधायचे. त्या जंगलात वाघ आहे हे या बायांना कुठल्याही गाइडपेक्षा चांगलं माहीत असतं. दरवर्षी या हंगामात माणसं मारली गेल्याच्या बातम्या जिल्ह्याच्या पानावर येतात, आणि त्याच पेपरच्या पुढच्या पानावर रिसॉर्टची जाहिरात असते.

भाचीने टेंभरं विकणारीला उत्साहाने विचारलं, ‘मावशी, तुम्हाला वाघ दिसतो का हो?’

‘नाही दिसला जी औंदा,’ ती म्हणाली. ‘देवानं राखलं.’ आणि दोन टेंभरं वर टाकली.

भाची परतताना जरा गप्प होती. मला तिला काही समजावायचं नव्हतं. सकाळी साडेदहाला ज्या घरात ‘नाही दिसला’ म्हणून सुतक पडतं, त्या घराच्या फळीवर ही टेंभरं जाणार होती, एवढंच मनात आलं.

मोहाचे लाडू मी घरीच केले. फुलं निवडून तव्यावर परतायची, तीळ वेगळे भाजायचे, दोन्ही गुळाबरोबर कुटायचं, बस. कुटताना घरभर जो वास सुटतो तो आवडणारे आणि न आवडणारे असे दोन पक्ष लगेच पडतात. पण पाहुण्यांचा खरा रस वेगळ्याच बाबतीत. चंद्रपुरात २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती, शेजारच्या गडचिरोलीत तर १९९३ पासून आहे. तरी मोह म्हटला की पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांत एक निराळीच चमक येते. नंदोईंनी एक लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला, थोडं थांबले, आणि हळूच विचारलं, ‘याने काही... होतं का?’ म्हटलं, होतं ना, पोट भरतं. तिसरा त्यांनी बशीत ठेवला.

फळीवर मग हे लाडू गेले, टेंभरं, चारं गेली, जवसाच्या चटणीची वाटी, लिंबाच्या फोडी, सासूबाईंसाठी वर मधोमध मीठ. कोरडं, न खचणारं, उन्हाला सरावलेलं. जाळीही तशीच राहिली. मुलगा पाचला निघताना दोन लाडू डब्यात टाकून जाऊ लागला, उशिरा उठणारा पाहुणा दारात उभा न राहता फळीपाशी जाऊ लागला. एवढ्यापुरतं श्रेय मी भाचीला देऊन टाकलं.

पण त्याने काही नाश्ता झाला असं या घरात कोणी म्हणणार नाही. इथे नाश्ता म्हणजे तर्री-पोहे. नागपूरवाले त्यांच्यावर हक्क सांगतात, सांगू देत. आमच्याकडेही सकाळी कुठल्याही चौकात पोह्यांच्या ढिगाशेजारी लाल रश्शाचं पातेलं उकळत असतं. काळे चणे आदल्या रात्री भिजत घालून, सकाळी मीठ घालून शिजवायचे. कांदा चांगला तपकिरी होईपर्यंत परतायचा, त्यात भाजलेलं सुकं खोबरं, आलं, लसूण, गरम मसाला वाटून घालायचा. तेल किती, हे लिहून ठेवू नये आणि पुण्याच्या माणसाला बघू देऊ नये. तिखट टाकायचं ते गॅस बारीक करून, नाहीतर जळून काळं पडतं आणि रश्शाचा रंग जातो. मग चणे आणि कढत पाणी. एकदा खळखळून उकळलं की मंद आचेवर ठेवून द्यायचं, ढवळायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत कडेने लाल तवंग सुटायला लागतो आणि हळूहळू पातेलंभर पसरतो. पळी आडवी धरून अलगद वरवरची काढली ती तर्री. खालचा नुसता रस्सा. पोहे बशीत मऊ, पिवळे, गरम; वर तर्रीची पळी, मूठभर शेव, कच्चा कांदा, सांबार बारीक चिरलेला, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि लिंबू. पहिला घास शेव कुरकुरीत आहे तोवर घ्यायचा. पाच मिनिटं थांबलात तर तो दुसराच पदार्थ होतो, आणि तो मला आवडत नाही.

हे फळीवर कसं मांडणार? भाचीने प्रयत्न केला. तर्रीची वाटी फळीच्या मधोमध ठेवली, भोवती पोह्यांच्या छोट्या वाट्या. पहिल्याच माणसाने पळी भरून घेतली आणि वाटीपासून त्याच्या बशीपर्यंत एक लाल ओघळ गेला. फळीला कड नव्हतीच. तेल लाकडाच्या रेषारेषांतून धावलं, आणि सागवान इतकं तर्री पितं हे मला त्या दिवशी कळलं. लिंबू आणि मीठ चोळून झालं, ऊन दाखवून झालं. डाग विटकरी झाला, गेला नाही. भाचीला फार वाईट वाटलं. सासूबाई म्हणाल्या, ‘आता दिसते का नाही घरातली.’

आयत्यांची तीच गत. तांदूळ भिजवून, वाटून, पीठ पातळ करून तापल्या तव्यावर कडेकडेने ओतायचं. चर्र झालं की जाळी पडते, आणि झाकण काढल्याबरोबर खायचं. गार आयता वातड होतो. आम्ही तो आंब्याच्या रसाबरोबर खातो. तांदूळ एचएमटी. पाहुण्यांना वाटतं तो कुठल्या कंपनीचा असेल. तो आमच्याच जिल्ह्यातला, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांचा. तिसरीपर्यंत शिकलेला, दीड एकराचा शेतकरी. शेतातल्या पिकात त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी वेगळ्या राखल्या, वर्षामागून वर्षं पेरून पाहिल्या. पुढे या वाणाला नाव मिळालं ते त्या काळी ज्याच्या-त्याच्या मनगटावर असलेल्या एचएमटी घड्याळाचं. वाण अनेक राज्यांत गेलं, पैसा भलत्यांनीच केला. दादाजी २०१८ साली गेले. घड्याळाच्या नावाचा हा तांदूळ मी वाघाच्या घड्याळाप्रमाणे भिजत घालते, तेव्हा हे सगळं पाहुण्यांना सांगावंसं वाटतं. पण ते त्या वेळी फोनवर जिप्सीचं बुकिंग बघत असतात.

भाचीने एकदा सांगितलं की तुर्कस्तानात वान नावाच्या शहराचा नाश्ता असाच प्रसिद्ध आहे. टेबलभर छोट्या छोट्या बशा, चीज, ऑलिव्ह, मध, साय, आणि लोक तासन्‌तास बसून खातात. व्हिडिओ दाखवला. मला त्यात बशांपेक्षा मागच्या बाजूला एक बाई दिसली, कढईत अंडी हलवत होती, आणि तिच्या बाजूला चहाच्या किटल्या एकीवर एक चढवलेल्या. म्हटलं, बघ, तिथेही कोणीतरी उभं आहेच. तुमच्या फोटोंत ती बाई चौकटीबाहेर ठेवतात.

त्यामुळे आता आमच्याकडे वाटणी ठरली आहे. फळी तिच्या जागी, जाळीखाली. आणि साडेदहाला बाहेर गाडीचा आवाज आला की मी गॅस पेटवते, पण पोहे लगेच टाकत नाही. आधी दार उघडून तोंडं बघते. दिसला असेल तर बूट न काढताच आत येतात, एकाच वेळी तिघे बोलतात, फोन माझ्या नाकाशी धरतात, ‘मामी, रस्त्यावर, आमच्या गाडीपासून एवढ्यावर!’ अशा दिवशी पोहे दुप्पट लागतात, तिखट लागत नाही, फळीवरची टेंभरंही संपतात आणि मोहाच्या लाडवाची कृती लिहून घेतली जाते. दिसला नसेल तर एकेक जण पायऱ्या मोजत चढतो. रानकुत्री दिसली, गवा दिसला, अस्वलीण पाठीवर पिल्लं घेऊन आडवी गेली, हे सगळं ते अशा आवाजात सांगतात की दुखवट्याला आल्यासारखं वाटावं. पोहे कमी जातात. तर्री ‘जरा जास्तच’ तिखट होते. नंदोई म्हणतात, ‘तुमच्याकडचे वाघ लाजाळू दिसतात वहिनी.’ जणू मीच त्यांना पढवून पाठवलं.

वर्षभराच्या अनुभवाने मी आता पोहे भिजवायच्या आधी मोहर्लीकडच्या एका ओळखीच्याला फोन करते. सकाळी कुठल्या पाण्यावर काय दिसलं ते त्याला कळलेलं असतं. त्यावर माप ठरवते.

मंगळवार मात्र माझा. मंगळवारी ताडोब्याचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद. पाहुणे सहाला उठून बघतात, कुठे जायचं नाही हे आठवतं, परत झोपतात, आणि नऊच्या सुमारास सगळे एकदम, आंघोळी करून, पाटावर नसेना का, पण एका टेबलाला बसतात. मुलाची त्या दिवशी सुट्टी पडली तर तोही. तवा आणि पातेलं दोन्ही चालू. फळी उभी करून भिंतीला टेकवलेली. ‘अजून एक आयता घ्या न जी भाऊजी’ म्हणायला मला आठवड्यातून हा एवढाच दिवस मिळतो, आणि मी तो वाया घालवत नाही. गेल्या मंगळवारी नंदोईंनी पाचव्या आयत्याला बशीवर हात आडवा धरला, तसा सासूबाईंनी त्यांच्या हाताखालून सरकवला. ‘खा जावईबापू,’ त्या म्हणाल्या, ‘आज वाघालाही सुट्टी आहे.’

नंदोईंनी खाल्ला. मग ढेकर देऊन त्यांनी भाचीला विचारलं, बफरमधलं एखादं गेट आज दुपारी चालू असेल का, बघ बरं.